गाणं समोरून ऐकू यावं म्हणून: एका छोट्या गाडीत स्पीकरच्या जागा कशा ठरल्या

पार्श्वभूमी

कोल्हापुरात राहणाऱ्या एक गायन शिक्षिका आठवड्यातले काही दिवस मिरजेला शिकवायला जातात. पन्नासेक किलोमीटर जायचं, तेवढंच परत यायचं. हा सगळा वेळ त्यांचा ऐकण्याचा. ऐकतात ते बहुतेक जुनं: तीन-साडेतीन मिनिटांच्या तबकड्यांवरून उतरवलेल्या बंदिशी, आकाशवाणीच्या काळातली ध्वनिमुद्रणं, बैठकीत कुणी टेपवर धरून ठेवलेली मैफल. यातलं जवळजवळ सगळं मोनो, म्हणजे डाव्या-उजव्या दोन्ही स्पीकरमधून एकच आवाज. शिवाय वाटेत स्वतःचा गळा तापवायला काळी चार पट्टीचा तानपुरा. त्यांचं नाव आणि गाडीचं मॉडेल इथे देत नाही, नुसतं ‘मॅडम’ म्हणतो.

गाडी मधल्या व्हेरिअंटची हॅचबॅक, सहा एअरबॅगची. कंपनीचा टचस्क्रीन, चार दारांत चार स्पीकर. वरच्या व्हेरिअंटला पुढे दोन ट्विटर, म्हणजे उंच स्वरांचे छोटे स्पीकर, येतात. या गाडीत त्या जागी कोरं प्लास्टिक. आवाज पातळ वाटतो म्हणून मॅडम आधी एका अॅक्सेसरीजच्या दुकानात गेल्या होत्या. तिथे मागच्या सीटमागची फळी, म्हणजे पार्सल ट्रे, कापून ६ बाय ९ इंचांचे ओव्हल स्पीकर बसवून मिळाले. आवाज वाढला, यात शंका नाही. मी गाड्यांना साउंड बसवतो. पण गाडी माझ्याकडे आली तेव्हा त्यांचं पहिलं वाक्य असं होतं: “गाणारा माझ्या पाठीमागे बसलाय. मला तो समोर हवा.”

इतकी नेमकी मागणी क्वचित येते. बहुतेक जण ‘बेस वाढवा’ म्हणतात. इथे मागणी थेट जागेची होती, म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहितो आहे.

अडचण नेमकी काय होती

मागच्या ओव्हलचा आवाज दारातल्या स्पीकरपेक्षा कितीतरी मोठा होता, म्हणून गाणं मागे गेलं. हे उघड होतं. ओव्हल बंद करून नुसत्या पुढच्या दारांवर ऐकलं, तेव्हा दुसरी अडचण समोर आली. मोनो गाणं खरं तर दोन्ही स्पीकरच्या बरोबर मधे, डॅशबोर्डच्या मध्यावर उभं राहायला हवं. ते येत होतं मॅडमच्या उजव्या गुडघ्यापाशी.

आपल्याकडे स्टिअरिंग उजवीकडे, त्यामुळे उजव्या दारातला स्पीकर चालवणाऱ्याच्या जवळ. मॅडमना त्यांच्या नेहमीच्या बैठकीत बसवून डोक्यापासून टेपने अंतरं घेतली: उजवा दार-स्पीकर ९० सेंटिमीटर, डावा १४५. फरक ५५ सेंटिमीटरचा. हवेत आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे एका मिलिसेकंदात ३४ सेंटिमीटर. डाव्या स्पीकरचा आवाज दीड मिलिसेकंदाहून थोडा जास्त उशिरा पोचत होता. ऐकायला हे क्षुल्लक वाटतं, पण कानाला ते पुरतं. एकच आवाज दोन जागांहून आला तर जो आधी पोचतो त्याच्याच दिशेने तो आला असं आपण ठरवतो. जर्मन संशोधक हेल्मुट हास यांनी १९४९ च्या आपल्या प्रबंधात याचा सविस्तर अभ्यास केला. साउंडवाले आजही त्याला हास इफेक्ट म्हणतात. त्यात जवळचा स्पीकर मोठाही ऐकू येतो. दोन्ही कारणं एकाच बाजूला ओढत होती.

तिसरी गोष्ट तानपुऱ्याने दाखवली, आणि मला वाटतं गाडीचा साउंड तपासायला तानपुऱ्याइतकं प्रामाणिक दुसरं वाद्य नाही. काळी चारचा षड्ज म्हणजे सुमारे २०८ हर्ट्झ, खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, १०४ ला. पण तानपुऱ्याचं तेज असतं जवारीत, म्हणजे तारेच्या झंकारात, आणि जवारीचे स्वरांश काही हजार हर्ट्झपर्यंत चढतात. दारात खाली बसलेल्या कागदी कोनच्या स्पीकरमधून हा वरचा भाग कानापर्यंत पोचतच नव्हता. उंच स्वर टॉर्चच्या झोतासारखे सरळ जातात, आणि इथे तो झोत मांडीवर पडत होता. खर्ज घुमत होता, जवारी मेली होती.

कोणकोणत्या जागा विचारात घेतल्या

मागचा पार्सल ट्रे. हॅचबॅकचा ट्रे दोन दोऱ्यांवर डिकीच्या दाराला लटकतो आणि बाजूच्या खाचांत नुसता टेकतो. सेडानमध्ये मागच्या सीटमागे पत्र्याचा पक्का तक्ता असतो, तिथे ओव्हलला आधार मिळतो आणि खालची डिकी पेटीसारखी वापरता येते. इथे तसं काही नाही. ट्रे थरथरतो, बेस पोकळ होतो. त्याहून मोठी काळजी वेगळीच आहे. तीन-चार किलोंची जोडी मागच्या प्रवाशांच्या मानेमागे सैल फळीवर बसलेली असते. जोरात ठोकर झाली तर ती गाडीच्या वेगाने पुढे येणार. मॅडमच्या आई मागे बसतात. हा पर्याय मी पहिल्याच दिवशी बाद केला, आणि मॅडमनाही तो पुन्हा ऐकायचा नव्हता.

डॅशबोर्डचे कोपरे. बाजारात सगळ्यात सोपं फिटिंग हेच: ट्विटर डबल-साइड टेपने डॅशवर चिकटवायचा. उंची चांगली मिळते. पण काच अगदी जवळ असल्यामुळे सरळ आलेला आवाज आणि काचेवरून उलटलेला आवाज किंचित अंतराने कानात शिरतात, काही स्वर फुगतात, काही खोडले जातात. ‘स’, ‘श’ टोचायला लागतात. उन्हात उभ्या गाडीचा डॅश मे महिन्यात सत्तर अंशांच्या पुढे जातो, टेप सुटतो. आणि डावीकडे डॅशच्या वरूनच प्रवाशाची एअरबॅग उघडते. तिच्या आसपास कडक वस्तू ठेवायची नाही, हा नियम मी मोडत नाही.

पुढचा खांब, म्हणजे ए-पिलर. उंची, रोख, दोन्ही बाबतीत आवाजासाठी ही जागा उत्तम. स्पर्धेच्या गाड्यांत ट्विटर इथेच दिसतात. पण या गाडीच्या पिलरच्या प्लास्टिकवर ‘एसआरएस एअरबॅग’ अशी अक्षरं कोरलेली आहेत. पडद्यासारखी उघडणारी एअरबॅग छताच्या कडेने पिलरपर्यंत येते आणि काही मिलिसेकंदांत फुगते. तिच्या वाटेत ट्विटर असला तर तो डोक्याच्या दिशेने फेकला जाईल, नाहीतर एअरबॅगच अडेल. शिवाय अशा पिलरच्या काही क्लिप एकदाच वापरायच्या असतात. काढून पुन्हा दाबून बसवलेल्या क्लिपवर भरवसा नसतो.

पायापाशी, किक पॅनलमध्ये. डाव्या-उजव्या अंतरातला फरक इथे सर्वांत कमी होतो, म्हणून परदेशी लेखांत या जागेची फार स्तुती असते. ते लेख बहुतेक डाव्या स्टिअरिंगच्या गाड्यांबद्दल असतात. तिथे चालकाच्या बाजूच्या पॅनलला लागून डावा पाय नुसता टेकलेला असतो. आपल्या गाडीत चालकाच्या बाजूचं पॅनल उजवीकडे आणि त्याला लागून अॅक्सिलरेटर. तिथे फायबरचा फुगवटा केला तर बूट अडकू शकतो. हा पर्याय पाच मिनिटांत संपला.

आरशामागचा त्रिकोण. बाहेरचा आरसा जिथे बसतो त्याच्या आतल्या बाजूला दारावर एक तिकोनी प्लास्टिक असतं. ते दाराचा भाग आहे, पिलरचा नाही. उंची खांद्याच्या आसपास, कानापेक्षा थोडी खाली. वरच्या व्हेरिअंटमध्ये कंपनीने ट्विटर नेमका इथेच दिला आहे. तोटा हा की अंतराचा फरक दारापेक्षाही वाढतो: उजवा ६५ सेंटिमीटर, डावा १२५.

पुढच्या दारातली मूळ जागा. वूफरला, म्हणजे खालच्या स्वरांच्या मोठ्या स्पीकरला, हीच. दुसरीकडे साडेसहा इंच बसवायला पत्राच नाही.

निर्णयाचा पहिला टप्पा: पिलर की त्रिकोण

कागदावर त्रिकोण जिंकला होता, तरी मॅडमना ऐकून ठरवायचं होतं, आणि ते योग्यच होतं. मी कुठलंही भोक पाडायच्या आधी ट्विटर लांब वायरवर घेतो आणि गाडी उभी असताना तात्पुरते चिकटवून ऐकवतो. पिलरवर, त्रिकोणावर, डॅशवर, एकामागून एक. गाणं तेच, आवाज तेवढाच.

पिलरवर ठेवल्यावर मॅडम लगेच म्हणाल्या, “हे छान आहे, इथेच बसवा.” खरंच छान होतं. गाणं काचेच्या मध्याजवळ उभं राहत होतं. मी त्यांना पिलरवरची अक्षरं दाखवली आणि पडदा कुठून कुठे उघडतो ते हाताने दाखवलं. आवाज अमुक इतका बरा मिळतो म्हणून एअरबॅगच्या वाटेत काही ठेवावं का, हा प्रश्न ग्राहकाच्या आवडीवर सोडण्यासारखा नाही असं मी मानतो. त्यांनी हट्ट धरला असता तरी मी ते काम घेतलं नसतं. त्यांनी धरला नाही.

मग प्रश्न उरला, त्रिकोणातून पिलरच्या जवळ किती पोचता येईल. इथे रोख कामाला आला. दोन्ही ट्विटर चालकाच्या कानावर रोखले तर उजवा कानात ओरडतो. मोकळ्या जागेत ६५ आणि १२५ सेंटिमीटर या अंतरांमुळे पाच-सहा डेसिबलचा फरक पडतो. गाडीत उलटणाऱ्या आवाजांमुळे तो थोडा कमी होतो, पण राहतो. म्हणून उजव्या ट्विटरचं तोंड डाव्या सीटच्या डोक्याकडे आणि डाव्याचं उजव्या सीटच्या डोक्याकडे वळवलं. म्हणजे जवळचा ट्विटर मॅडमना तिरका लागतो आणि आपोआप नरमतो, लांबचा सरळ लागतो. तानपुरा लावून ट्विटर बोटभर बोटभर फिरवत गेलो. एका कोनावर जवारी डावी-उजवी फुटायची थांबली आणि एकसंध झाली. मॅडमनी डोळे मिटूनच हात वर केला. त्या कोनाची खूण पेन्सिलने केली.

दुसरा टप्पा: पैसे मागे की पुढे

बजेट तीस हजारांच्या आत होतं. चार चॅनलचा अँप (चार स्पीकरना वेगवेगळी ताकद देणारा अँप्लिफायर) घ्यायचा, त्यातच डीएसपी (प्रत्येक चॅनलचा आवाज आणि उशीर बदलणारा प्रोसेसर) असलेला, हे दोघांनाही पटलं. प्रश्न होता, चार चॅनल वाटायचे कसे. नेहमीचा मार्ग म्हणजे दोन पुढे, दोन मागे, आणि पुढे वूफर-ट्विटरमध्ये डब्यातला क्रॉसओव्हर (खालचे स्वर वूफरला आणि वरचे ट्विटरला वाटणारं सर्किट). दुसरा मार्ग म्हणजे चारही चॅनल पुढेच: दोन वूफरला, दोन ट्विटरला.

मी दुसऱ्या बाजूने होतो, आणि त्याचं कारण अंतरात आहे. उजवा ट्विटर कानापासून ६५ वर, त्याच बाजूचा वूफर ९० वर. दोघांमध्ये २५ सेंटिमीटर. साडेतीन हजार हर्ट्झला एका लाटेची लांबी जेमतेम दहा सेंटिमीटर असते. म्हणजे जिथे वूफर सोडतो आणि ट्विटर उचलतो, तिथे दोघे अडीच लाटा पुढेमागे. गायिकेच्या आवाजातली धार आणि तानपुऱ्याची जवारी याच पट्ट्याच्या आसपास असते. डब्यातला क्रॉसओव्हर हे अंतर भरून काढत नाही. चारही चॅनल वेगळे असले तर प्रत्येक स्पीकरला स्वतःचा उशीर देता येतो.

मॅडमची शंका रास्त होती: “मग आईला मागे ऐकू येणार का?” मागच्या दारांतले मूळ स्पीकर टचस्क्रीनवर तसेच ठेवायचे, फेडरने (पुढचा-मागचा आवाज कमीजास्त करणाऱ्या सेटिंगने) हवे तेव्हा चालू करायचे, असं ठरलं. ओव्हल निघाले. ते विकून आलेल्या पैशांत दारांचं डॅम्पिंग, म्हणजे पत्र्याची थरथर दाबणारे थर, बसलं.

सबवूफर (फक्त अगदी खालच्या बेसचा स्पीकर) घ्यायचा का, यावर थोडी चर्चा झाली. सीटखालचा छोटा सब मला चालला असता. पण सीटखाली एअरबॅगच्या पिवळ्या कपलरच्या वायरी असतात, तिथे जागा करताना फार सांभाळावं लागतं. आधी दारं नीट करू, डग्ग्याची घुमार कमी पडली तर बघू, असं म्हणून तो विषय बाजूला ठेवला.

प्रत्यक्ष काम

दार उघडण्याआधी एक तपासणी केली, जी बरेच जण करत नाहीत. काही गाड्यांत बाजूच्या धडकेचा सेन्सर दाराच्या पोकळीतल्या हवेच्या दाबावर चालतो. अशा दारातली भोकं बंद करणं किंवा नवी पाडणं म्हणजे सेन्सरशी खेळ. या गाडीत तो सेन्सर मधल्या खांबाच्या पायथ्याशी निघाला, म्हणून पुढे गेलो.

दारात साडेसहा इंची वूफर. काच पूर्ण खाली उतरवून मॅग्नेटपर्यंत किती जागा राहते ते मोजलं. स्पीकर थोडा बाहेर उचलणाऱ्या रिंगशिवाय काच घासली असती. एमडीएफची, म्हणजे दाबलेल्या भुशाच्या लाकडाची, रिंग स्वस्त पडते, पण कोल्हापूरच्या पावसात दारात पाणी उतरतंच, आणि एमडीएफ ते पिऊन फुगतं. एबीएस प्लास्टिकची रिंग घेतली. बाहेरच्या पत्र्यावर आतून ब्युटाइल रबराचे चिकट तुकडे, डांबराचे नाही. दाराच्या आतल्या पत्र्यातली मोठी भोकं बंद करणं सर्वांत महत्त्वाचं, कारण कोनच्या मागचा आवाज तिथून पुढे येऊन पुढच्याला खातो आणि बेस जातो. पण काचेची मशीन पुढेमागे दुरुस्त करावी लागते, म्हणून भोकांवर पातळ पट्ट्या स्क्रूने बसवल्या आणि कडेने ब्युटाइल लावलं. खालची पाणी जायची भोकं मोकळी ठेवली.

त्रिकोणासाठी वरच्या व्हेरिअंटचं जाळीवालं प्लास्टिक स्पेअर पार्ट म्हणून मागवलं. मूळ तुकडा कापावा लागला नाही, तो पिशवीत घालून मॅडमना दिला. आतून ट्विटरला हवा तो कोन देणारी कडी बनवून बसवली. आरसा झाकला जात नाही ना, हे मॅडमना बसवूनच पाहिलं.

वायर कापली नाही, सगळं कपलरने. बॅटरीपासून वीतभर अंतरावर फ्यूज. ही कामं नेहमीची आहेत.

डीएसपीमध्ये वूफर ८० हर्ट्झच्या वर, ट्विटरशी भेट २८०० वर. घेतलेला ट्विटर खालपर्यंत उतरू शकतो, म्हणून भेट साडेतीन हजारांवरून खाली आणता आली. जितकी खाली आणावी तितकं गाणं गुडघ्यावरून वर चढतं. सर्वांत लांबचा डावा वूफर शून्यावर ठेवून बाकीच्यांना अंतराप्रमाणे उशीर दिला. उजव्या ट्विटरला सर्वांत जास्त, ८० सेंटिमीटरचा, म्हणजे सव्वादोन मिलिसेकंदांहून थोडा जास्त. टेपने मोजलेले आकडे ही फक्त सुरुवात असते. मोनो गाणं लावून उजव्या वूफरचा उशीर थोडा थोडा बदलत गेलो आणि गळा मध्यावर घट्ट झाला तिथे थांबलो.

परिणाम

गाणं समोर आलं. पिलरवर होतं तितकं उंच नाही. डॅशच्या कडेला, मध्यापासून किंचित उजवीकडे. तानपुरा एक वाद्य म्हणून ऐकू येतो, खर्ज खाली आणि जवारी वर असे दोन तुकडे होत नाहीत. बंद केलेल्या दारांमुळे डग्गा इतका भरला की मॅडमनी सबचा विषय स्वतःच सोडून दिला. पहिल्या काही दिवसांत खर्जाच्या स्वरावर डाव्या दारातून कुरकुर यायची. डोअर पॅडची एक क्लिप हलत होती, फेल्ट टेपने ती गेली. पावसाळ्यानंतर दारं उघडून पाहिली; रिंग कोरडी होती, पट्ट्या जागच्या जागी.

शेजारी कुणी बसलं की डाव्या वूफरच्या वाटेत त्यांचे पाय येतात आणि गळ्याचा खालचा भाग उजवीकडे सरकतो. यावर दारातल्या जागेत उपाय नाही. डावीकडच्या माणसाला तर चालकासाठीचा उशीर उलटाच लागतो. म्हणून डीएसपीत दुसरं सेटिंग ठेवलं, उशीर काढलेलं, दोघांना सारखंच बरं लागणारं. विद्यार्थी सोबत असले की मॅडम ते लावतात.

वेगळं काय करता आलं असतं

ट्रे न कापता आधी पुढच्या दारांत ट्विटरवाले स्पीकर लावून ऐकवले असते, तर ओव्हलचा खर्च आणि नवा ट्रे घेण्याचा खर्च, दोन्ही टळले असते. गाडी घेतानाच वरच्या व्हेरिअंटच्या ट्विटरच्या जागा पाहून घेतल्या असत्या, तर जागेचा अर्धा निर्णय तिथेच झाला असता. सहा एअरबॅगच्या गाड्यांत तर हे शोरूममध्येच पाहावं: पिलरवर अक्षरं आहेत का, त्रिकोणात जाळी येते का.

दुसरी गोष्ट मागच्या स्पीकरची. डीएसपी आवाजावर प्रक्रिया करून पुढे पाठवायला स्वतःचा काही मिलिसेकंदांचा वेळ घेतो. मागचे स्पीकर थेट टचस्क्रीनवर असल्यामुळे त्यांचा आवाज पुढच्यांच्या आधी निघतो, आणि फेडर थोडा जरी मागे नेला तर गाणं पुन्हा पाठीमागे ओढलं जातं. एकट्याने जाताना मॅडम फेडर पूर्ण पुढे ठेवतात. आई मागे असल्या की आईला नीट ऐकू येतं, पण मॅडमसमोरचं गाणं विरतं. सहा चॅनलचा डीएसपी अँप घेतला असता तर मागच्यांनाही उशीर देऊन हे मिटलं असतं. तीस हजारांत तो तेव्हा बसत नव्हता. आता मॅडम त्यासाठी पैसे बाजूला टाकत आहेत. वायरी मागच्या दारांपर्यंत मी तेव्हाच ओढून ठेवल्या आहेत, त्यामुळे अँप बदलला की फक्त कपलर जोडायचे आणि मागच्या दोन स्पीकरचा उशीर ऐकून ठरवायचा.